प्रमाण ठोका

रेणुका धोत्रेच्या दोन बोटांना सरकारी क्रमांक होता. डाव्या हाताचं मधलं बोट, जे छातीवर अंथरायचं, ते एक. उजव्या हाताचं मधलं बोट, जे त्याच्यावर ठोकायचं, ते दोन. बोटांची लांबी, पेरापेरातलं अंतर, मनगटाचा झोका, सगळं श्वास परीक्षण मंडळाच्या दप्तरात लिहिलेलं होतं. तिचा कान मात्र क्रमांकाच्याही पलीकडे गेला होता. त्याला ‘प्रमाण’ म्हणत. अकरा जिल्ह्यांत खाणीवर, क्रशरवर, भट्टीवर राबणाऱ्या माणसाची छाती चांगली की वाईट हे तो कान ठरवायचा. रेणुका घरात भाकऱ्या थापत बसलेली असली तरी ठरवायचा.

हा कान तिला बापाकडून आलेला. बाप दगडफोड्या वडार. घण उचलण्याआधी तो हातोडीच्या टोकानं दगडाला हळूच टकटक करी आणि मान तिरकी करून ऐकत बसे. सलग दगड लांब वाजतो, आतून चिरलेला थोटकं बोलतो. आई शेजारी पाट्याला टाकी लावता लावता म्हणायची,

हातोडीच्या टोकानं गं, पुसते मी दगडाला,
आत चिरलास कुठं, सांग तुझ्या बहिणीला.

पुढं रेणुका तालुक्याच्या मिशन दवाखान्यात परिचारिका म्हणून लागली, तेव्हा डॉक्टर लोबोबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याच्या पाठीशी उभं केलं.

“बोट बरगड्यांच्या मधल्या खोबणीत चिकटव. बाकीची बोटं उचल, नाहीतर आवाज मरतो. आता मनगटातून ठोक. कोपरातून नाही, तू काय खिळा मारत नाहीयेस.”

रेणुकानं ठोकलं.

“काय आहे आत?”

“वरती मोकळं आहे. खाली उजवीकडं कुणीतरी ओलं फडकं भरून ठेवलंय.”

लोबोबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि म्हाताऱ्याच्या उजव्या छातीतून वाटीभर नव्हे, तांब्याभर पाणी काढलं. त्या दिवसापासून त्यांनी तिला सगळं शिकवलं. हवा भरलेल्या फुफ्फुसावर ठोका लांब आणि खर्जात उमटतो, पाण्यावर मुका पडतो, काळजाच्या नि यकृताच्या जागी आखूड होतो. ठोकून झालं की नळी लावून श्वास ऐकायचा. श्वास पुरता आत जाता जाता तळाशी बारीक चुरचुर आली, कानाजवळ केस चिमटीत चोळल्यासारखी, तर आत फुफ्फुसाचं फूल ताठरत चाललंय असं समजायचं. “आणि एक लक्षात ठेव,” लोबोबाई म्हणायच्या, “एकटा ठोका काही सांगत नाही. उजवी बाजू डावीशी ताडायची. देवानं दोन दिलीत ती ताळा करायला.”

लोबोबाई गेल्या, आणि दोन वर्षांनी यंत्र आलं.

कागदावर त्याचं नाव मोठं होतं, पण रेणुकाच्या खाणीच्या गावानं, तांबडदऱ्यानं, त्याला ‘ठोक्या’ म्हटलं आणि तेच राहिलं. दिसायला जाकीट. आत सोळा बोटभर हातोड्या आणि तितकेच कान. माणसानं ते घालून दहा श्वास घ्यायचे. हातोड्या बरगडीबरगडीत ठोकत जायच्या, कान ठोका किती वेळ टिकतो, कुठल्या सुरात विरतो, श्वासाच्या तळाशी काय चुरचुरतं ते मोजायचे. पण मोजणं वेगळं आणि कळणं वेगळं. कळायला यंत्राला कुणाचा तरी कान लागत होता, आणि सगळ्या राज्यात रेणुकाइतका चोख कान मिळाला नाही. दीड वर्ष तिनं यंत्राला शिकवलं. अकरा हजार छात्या. ती ठोकायची आणि तिच्या तीन शब्दांतला एक सांगायची: खुला, दबका, मुका. यंत्र ऐकायचं आणि शिकायचं.

निरोगी कसं वाजतं हेही यंत्राला सांगायला हवं होतं. त्यासाठी नऊशे धडधाकट माणसं हवी होती. शिबिर तांबडदऱ्यातच होतं, तेव्हा तांबडदऱ्याची आणि आसपासच्या चार वाड्यांची माणसं घेतली. टेकडी न थांबता चढणारी, खोकला नसलेली, रात्री गाढ झोपणारी. तिचा नवरा हणमंता त्यातच होता. बरगडीला हातोडी लागली की त्याला गुदगुल्या व्हायच्या. दुसऱ्या ठोक्याला त्यानं हसू गिळलं ते यंत्रानं टिपून ठेवलं. शेजारची चांगुणाकाकी त्यातच होती, जी एक श्वास दोन हप्त्यांत घ्यायची. सगळ्यांच्या पाठीवर रेणुकानं बोट ठेवलं, उजवी डावीशी ताडली, दोन्ही सारख्या वाजल्या. नऊशे वेळा ती म्हणाली, “खुला.”

त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

*

बारावा जिल्हा किनाऱ्याचा. तिथं जांभ्या दगडाच्या नव्या खाणी सुरू व्हायच्या होत्या, आणि काम लागण्याआधी माणसांच्या छात्या नोंदवून ठेवायच्या होत्या. यंत्र बसवायला रेणुका गेली. खाडीकाठच्या शाळेत बत्तीस माणसं जमली होती. पहिलीच सुगंधा मेथर नावाची, पन्नाशीची, हातात अजून मासळीचा वास.

यंत्रानं दिवा लावला: बाधित. फुफ्फुसात हवा अडकली आहे.

“माका काय झालाहा?” सुगंधा म्हणाली. “सकाळधरना होडी वल्हवतंय मी. हवा अडकली तर मगे ती जाता खंय?”

लोक हसले. रेणुकाही हसली आणि पुढच्या माणसाला जाकीट घातलं. बाधित. त्याच्या पुढचा, बाधित. बत्तिसांतल्या सत्तावीस जणांवर दिवा लागला, तेव्हा तिनं यंत्र बंद केलं आणि सुगंधाला परत बोलावून तिच्या पाठीवर आपलं बोट अंथरलं.

ठोकलं.

असा आवाज तिनं उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. रिकाम्या देवळाच्या गाभाऱ्यात कुणी हळूच हाक मारावी तसा तो खाली खाली गेला आणि पुरता विरायला त्यानं वेळ घेतला. तिनं नळी लावली. श्वास तळापर्यंत उतरला. तळाशी काही नव्हतं. चुरचुर नाही, कुरकुर नाही. कोऱ्या कापडावरून हात फिरवावा तशी शांतता.

ती सगळ्या बत्तिसांच्या पाठी ठोकत गेली. शेवटच्या माणसापर्यंत तोच लांब आवाज होता.

या लोकांना काही झालेलं नव्हतं. छाती अशीच वाजते. तिनं आजवर ज्याला खुला म्हटलं होतं, तो धुळीत जन्मून धुळीत वाढलेल्या माणसांचा ठोका होता. दगडाची भुकटी श्वासाबरोबर आत जाते, तिथं बारीक बारीक गाठी धरते आणि फूल हळूहळू ताठरवते. पण ती काही उजवी-डावी बघत नाही. दोन्हीकडं सारखीच बसते. म्हणून ताळा नेहमी जुळला होता. तळाशी येणारी ती बारीक चुरचुर तिनं नऊशे वेळा ऐकली होती आणि मनात म्हटलं होतं, आपल्याकडं असंच असतं.

“बाय, तुझा तोंड असा कित्या झाला?” सुगंधानं विचारलं. “पाणी देव?”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंता ओट्यावर बशीत चहा ओतून पीत होता. रेणुका प्रवासातून आली ती पिशवी न ठेवता त्याच्या मागं बसली आणि सदरा वर केला.

“काय गं, पाटा विकत घ्यायला आलीस का? बाजारात ठोकून घे की.”

“गप बसा जरा. श्वास घ्या.”

तिनं ठोकलं. वरून खाली. उजवीकडून डावीकडं. सगळीकडं सारखं. सगळीकडं दबकं. तळाशी दोन बोटांच्या जागेत तर मुकंच.

तो हसायचा थांबला. तिचं बोट पाठीवर तसंच राहिलं होतं.

“गुरुवारी माझी तपासणी आहे,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“ठोक्या काय म्हणेल?”

“खुला.”

“आणि तू?”

तिनं सदरा खाली केला, नीट केला, पाठीवरून हात फिरवला. मग सगळं सांगितलं. खाडी, सुगंधा, तो लांब जाणारा आवाज.

हणमंतानं थंड झालेला चहा संपवला. तांबडदऱ्यातली घरं खाणीच्या जागेवर उभी होती. निरोगी माणसानं काम सोडलं तर घरही सोडावं लागे. यंत्रानं दबका म्हटलं तर मात्र शहरात मोठी तपासणी होई, धुळीतून काढून रोपवाटिकेवर पाठवत, घर राहत असे. बाहेरच्या डॉक्टरचा कागद चालत नसे. चालायचा तो फक्त ठोक्याचा शब्द.

“म्हणजे मला धुळीतून काढायचं, तर तुझ्या कानाला खोटं पाडायचं,” तो म्हणाला.

“तेवढंच करायचंय.”

“तेवढंच म्हणतेस.” तो हलकेच हसला. “बावीस वर्षं बघतोय, तुझ्या कानाला खोटं पाडणारा अजून कुणी जन्मला नाही.”

*

गुरुवारी ठोक्यानं हणमंताला खुला म्हटलं. रेणुकानं तिथल्या तिथं हरकत नोंदवली. हरकत आली की ती मंडळाकडं जायची, आणि मंडळ ती प्रमाण श्रोत्याकडं पाठवायचं. दोन दिवसांनी कागद तिच्याच घरी आला. तिनं हणमंताची छाती ठोकून ‘दबका’ लिहिलं, सोबत कान ताडायला आलेल्या जुन्या छात्याही ऐकून आता वाटलं ते लिहिलं, आणि परत पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं: श्रोत्याचा कान प्रमाणापासून सरकला आहे. निकाल कायम.

मंडळाचे रहाटे साहेब भले माणूस होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पडद्यावर एक रेघ दाखवली.

“हा तुमचा नऊ वर्षांपूर्वीचा कान. आणि हा आत्ताचा. बघा बाई, किती अंतर पडलंय. वय होतं. माझाही चश्मा बदललाय.”

“साहेब, वयानं आधी वरचे सूर जातात. चिमणी, पैंजण, कुकरची शिट्टी. ठोका खर्जातला असतो. तो मला तेव्हा ऐकू यायचा तसाच आत्ता येतो. मी बहिरी झाले नाही. मी तेव्हा चुकले होते.”

रहाट्यांनी रेघेवर बोट ठेवलं. “पटतं मला. पण यंत्राला चूक आणि म्हातारपण यांतला फरक कळत नाही. त्याला एवढंच कळतं की तुम्ही पूर्वीच्या तुमच्याशी जुळत नाही.”

“मग किनाऱ्यावरच्या छात्या घ्या. त्यांना निरोगी धरा, नवं प्रमाण करा.”

“नवं प्रमाण करायचा अधिकार प्रमाण श्रोत्याला आहे. म्हणजे तुम्हालाच. पण तुमचा कान जुन्या प्रमाणाशी पंच्याण्णव टक्के जुळला तर. सध्या जुळतो एकसष्ट.”

“म्हणजे मला बदलायला मीच लागते,” रेणुका म्हणाली, “आणि ती मी आता उरलेली नाही.”

शिपाई चहा ठेवून गेला. रहाट्यांनी आवाज खाली आणला.

“फेरपरीक्षा देता येते. तांबडदऱ्याच्या शिबिरातल्या दोनशे जुन्या छात्या ऐकवतात, नावं नसतात. तुम्ही तेव्हा जे म्हणालात तेच आज म्हणायचं. जुळलं की अधिकार परत तुमच्याकडं. त्याच दिवशी नव्या प्रमाणावर सही करा. पण एक आहे. ज्याला तुम्ही दुसऱ्यांदा खुला म्हणाल त्याची नोंद पक्की होते. त्यावर पुन्हा हरकत नाही, पुन्हा तपासणी नाही. नवं प्रमाण आलं तरी नाही.”

“आणि ज्याला दबका म्हणीन?”

“त्याची नोंद उघडी राहते. त्याला शहरात पाठवतात.”

रेणुकानं कपाकडं बघितलं. “दोनशेत पंच्याण्णव टक्के. म्हणजे दहा चुका चालतात.”

“चालतात,” रहाटे म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तिला आता चुकायला दहा वेळा मुभा होती. म्हणजे खरं बोलायला दहा वेळा.

घरी तिनं हणमंताला सांगितलं. दोनशेत दीडशे तरी खुले नोंदलेले असणार, त्यात त्याची छाती असेलच असं नाही, असली तर ती ओळखेल. तो कुऱ्हाडीच्या दांड्याला काचेनं घासत होता. हात थांबले नाहीत.

“माझ्यासाठी एक राखून ठेव असं मी सांगणार नाही,” तो म्हणाला. मग दांडा फिरवून घेत, “ठेवू नको असंही सांगणार नाही.”

*

परीक्षेची खोली कापूस भरलेल्या भिंतींची होती. तिथं स्वतःच्या पापण्यांचा आवाजही यायचा नाही. समोर तीन कळा: खुला, दबका, मुका. तिच्या कानांवर यंत्राचे कान ठेवले आणि पहिली छाती सुरू झाली.

नावं नव्हती, पण रेणुकाला नावं कशाला हवीत? लोक चेहरे ओळखतात तशी ती छात्या ओळखायची. हा टपरीवाला शिदू, डाव्या खांद्याखाली जुनी मोडलेली बरगडी. ही त्याची बहीण. हा शाळेतला शिपाई, जो मागल्या वर्षीच गेला. त्याला खुला म्हणताना तिचं बोट अडखळलं. गेलेल्याचं काय बिघडणार, म्हणून तिनं कळ दाबली आणि लगेच आपलीच शिसारी आली.

पहिलं खरं तिनं अकराव्या छातीला दिलं. कोण ते तिला आठवलं नाही, पण ठोका जवळजवळ मुका होता. दुसरं, तिसरं एका घरच्या जावांना. चौथं एका पोरीला, त्या वेळी जेमतेम वीस वर्षांची असेल. मग ती सावध झाली. मग चिकट झाली. एखादी छाती ऐकताना वाटे, ही, हिला द्यायला हवं. आणि मनातलं दुसरं कुणी म्हणे, अजून थांब, याहून वाईट येईल. याहून वाईट येत होतं. सत्तरी उलटेपर्यंत सात गेली. शंभराशी नऊ.

एक उरलं ते तिनं मुठीत धरलं.

एकशे चोविसाव्या छातीत श्वास दोन हप्त्यांत आत गेला. अर्धा, मग थोडं थांबून अर्धा. चांगुणाकाकी. रेणुकाच्या लग्नात हिनंच तिच्या हातात हिरवा चुडा भरला होता. ठोका वर दबका, मध्ये दबका, तळाशी बारीक चुरचुर, केस चोळल्यासारखी. रेणुका पुढचं ऐकू लागली, पण पुढचं काही नव्हतं. यंत्र तिच्या उत्तरासाठी थांबलं होतं. त्या गप्पगार खोलीत ते किती वेळ थांबलं कोण जाणे.

तिनं खुला दाबलं.

एकशे एकसष्टाव्या छातीवर पहिला ठोका पडला. दुसरा पडला आणि त्याच्या पाठोपाठ कुणीतरी हसू गिळलं.

तरुण हसू. त्या वेळी त्याच्या मिशा काळ्या होत्या. तो तिच्याकडं बघून डोळ्यांनी म्हणाला होता, लवकर आवर, आणि ती मनात म्हणाली होती, हा बाबा कसला आजारी पडतोय. त्या हसण्याखाली, आता तिला स्पष्ट ऐकू येत होतं, ठोका तेव्हाही दबकाच होता. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी ऐकायला आला असता, तर नऊ वर्षं वाचली असती.

तिनं दबका दाबलं. मूठ रिकामी झाली.

मग एकोणचाळीस राहिल्या. त्यांतल्या नऊ तिनं तेव्हाच दबक्या म्हटल्या होत्या, त्या तशाच सांगितल्या. तीस जणांना खुला म्हटलं. त्यांत एकशे नव्वदाव्या माणसाची छाती इतकी वाईट होती की तिनं डोळे मिटून घेतले. जणू डोळे मिटून ऐकू यायचं थांबतं.

पंच्याण्णव टक्के, नेमके. रहाट्यांनी नव्या प्रमाणाचा कागद समोर ठेवला. खाडीकाठचे बत्तीस ठोके, आणि पुढं जमवायचे शेकडो. पुढल्या महिन्यापासून अकरा जिल्ह्यांतल्या माणसांना तेच लागू. रेणुकानं सही केली.

हणमंता बाहेर वडाच्या पारावर बसला होता. ती जवळ येऊन उभी राहिली.

“उघडी आहे तुमची नोंद.”

त्यानं मान हलवली. आनंद झाला असेल, पण तो कुठं ठेवावा हे त्याला सुचेना. मग त्यानं ते विचारलंच.

“काकी होती का त्यात?”

“होती.”

दोघं शेजारी बसून एसटीची वाट बघत राहिली.

*

घरी पोचल्या पोचल्या चांगुणाकाकी आली. हातात वाटीभर शेंगदाण्याची चटणी, झाकलेली.

“झालं का गं तुझं काम? गावभर बोलतायत, नवं माप आणलंस म्हणून. बघ की माझी पाठ. यंत्राचं राहू दे, तू हातानं बघ.”

रेणुकानं तिला उंबऱ्याशी बसवलं, पदर बाजूला केला. काकीनं अर्धा श्वास घेतला, थांबली, अर्धा घेतला. रेणुकानं तिन्ही ठिकाणी ठोकलं, खरं तर गरज नव्हती.

“दबका आहे, काकी. खूप दिवसांचा आहे.”

“मग शहरात पाठवतील का मला?”

“नाही. तुमची नोंद पक्की झालीय. खुला म्हणून. ती आज मीच केली. दहाच जणांना खरं म्हणायची मुभा होती मला. शेवटचं यांना दिलं.”

काकीनं पदर ओढून घेतला. ओट्यापलीकडं हणमंता पाठमोरा उभा होता. त्यानं वळून बघितलं नाही. दूर क्रशरचा भोंगा झाला आणि धुळीचा ढग रोजच्यासारखा टेकडीवरून उतरू लागला.

“मला नसतं सांगितलंस तर मला कळलं नसतं,” काकी म्हणाली.

“नसतं कळलं.”

“आणि बाकीच्यांना?”

“त्यांनाही सांगणार. शंभरावर माणसं आहेत, पाचही वाड्यांत. बोट ठेवून सांगणार, कागदाला काही फरक पडला नाही तरी. निदान तोंडाला फडकं बांधतील. पोरांना दुसरीकडं धाडतील. मला शिव्या देतील.”

“देतील,” चांगुणाकाकी म्हणाली. ती उठली, चटणीची वाटी उचलली, आणि मग परत खाली ठेवली. दारातून बाहेर पडताना मागं न बघता म्हणाली, “सगळ्यांकडं जाऊन झालं की ये माझ्याकडं चहाला. आधी नको येऊस.”

रेणुकानं चपला पायांत सरकवल्या. शिदूची टपरी सगळ्यात जवळ होती.